माशाच्या तेलाची परीक्षा

सरलाताई आगाशे सिंगापूरला येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि त्यांनी पुंगोल भागातल्या, मुलाच्या घराच्या उंच इमारतीखाली आपली शाळा उघडलीसुद्धा. विद्यार्थिनी एकच, त्यांची आठ वर्षांची नात ऋता. वर्ग म्हणजे इमारतीच्या तळाशी सोडलेली मोकळी जागा, इथे तिला व्हॉइड डेक म्हणतात, आणि तिथलं बुद्धिबळाचा पट कोरलेलं दगडी टेबल. ऋता खऱ्या शाळेतून आली, जेवली, की ही शाळा भरायची. आणि तिची आई ऑफिसातून निघाल्याचा मेसेज आला की सुटायची. कारण ही शाळा चोरून चालत होती. सगळी नोकरी पोरांच्या कॉप्या पकडण्यात गेलेल्या बाईंना स्वतः चोरी करायची सवय कुठून असणार? लिफ्टचं दार नुसतं उघडलं तरी त्या दचकायच्या आणि ऋताची वेणी उगाचच सोडून पुन्हा घालायला घ्यायच्या.

"चार, नऊ, दोन, सात, एक," सरलाताई म्हणायच्या. "आता उलटे म्हण."

"एक, सात, दोन, नऊ, चार."

"शाब्बास. आता सहा आकडे."

"आजी, धिस वन आय नो ऑलरेडी लाह. काल पण सेमच विचारलंस."

"ते तुमचं इथलं लाह-बिह राहू दे. आकडे ऐक."

ही सगळी तयारी होती एका परीक्षेची. निदान सरलाताईंच्या लेखी तरी ती परीक्षाच होती. त्यांचा मुलगा वरुण त्यांना परोपरीनं सांगून थकला होता, की आई, ती परीक्षा नाही, संशोधन आहे, त्यात पास-नापास काही नसतं. सरलाताई मान डोलवायच्या आणि आपलं तेच खरं करायच्या. बंद खोलीत मुलाला बसवून कुणीतरी प्रश्न विचारतंय आणि उत्तरं लिहून घेतंय, याला परीक्षा नाही तर काय म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलं तर त्या ऐकायला तयार होत्या. पुण्यात त्यांनी वर्षानुवर्षं चौथीच्या स्कॉलरशिपची पोरं तयार केली होती. तयारी न करता कुठल्याही खोलीत मूल पाठवणं त्यांना पाप वाटायचं.

संशोधनाची हकिगत अशी, की ऋताच्या वेळी अश्लेषा, म्हणजे सरलाताईंची सून, गरोदर असताना इथल्या दवाखान्यानं तिला एका अभ्यासात सामील व्हाल का म्हणून विचारलं होतं. तिच्यासारख्या शेकडो जणी त्यात होत्या. प्रत्येकीनं बाळंत होईपर्यंत रोज तेलाच्या गोळ्या घ्यायच्या. निम्म्या जणींच्या गोळीत माशाचं तेल, निम्म्या जणींच्या गोळीत साधं खायचं तेल. आणि कुणाला कुठलं, ते ना त्या बायकांना ठाऊक, ना गोळ्या देणाऱ्यांना. मग मुलं जन्मली की त्यांना दर दोन वर्षांनी बोलवायचं, त्यांची उंची, वजन, दम, त्वचा, बोलणं, स्मरणशक्ती, सगळं बघायचं. पोटात असताना मिळालेलं तेल मोठेपणी मुलाच्या अंगी लागतं का, एवढं त्यांना शोधायचं होतं.

आगाशांच्या घरात आजवर अंडंही शिरलं नव्हतं. अश्लेषाचं माहेरही तसंच. तरी तिनं फोनवर सांगितलं, "आई, बाळासाठी चांगलं असेल तर मी घेणार आहे." औषधाला कसला आलाय आचार, असं शेजारणींना सरलाताईंनी आपणहून सांगितलं, आणि सांगताना त्यांचं त्यांनाच ते पटलं नव्हतं. बिचारी अश्लेषा मात्र नाक दाबून गोळ्या घेत राहिली. दुपारभर माशाचे ढेकर यायचे म्हणे. एक दिवस चुकवला नाही तिनं.

ऋता झाली. गुटगुटीत, गोरीगोमटी, बघता बघता चालायलाही लागली. फक्त बोलेना. दोन वर्षांची झाली, अडीच झाली, तीन झाली, तरी पाणी हवं असलं की बाटलीकडे बोट. डॉक्टर म्हणाले थोडं थांबा. सगळे थांबले. सरलाताई त्या वर्षी इथेच होत्या, आणि थांबणं हा त्यांचा पिंडच नव्हता. एके दिवशी सकाळी स्वयंपाकघरात अश्लेषा ओट्याशी उभी राहून उपमा परतत होती, ऋता तिच्या पायाशी येऊन मुकाट्यानं बोट दाखवत होती, आणि सरलाताईंच्या तोंडून निघून गेलं:

"पोटात असताना माशाचं तेल पाजलंस, म्हणून जीभ जड झाली पोरीची."

ठरवून म्हटलं नव्हतं. काळजी पोटात मावेनाशी झाली होती, ती बाहेर पडली, आणि समोर जी होती तिला लागली. अश्लेषानं गॅस बंद केला, ऋताला पाणी दिलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. उपमा तसाच कढईत राहिला. त्यानंतर दोनेक महिन्यांत ऋता जी बोलायला लागली ती आजतागायत थांबलेली नाही. सरलाताईंना वाटलं, चला, मिटलं.

कुठलं मिटायला! अश्लेषा वागायला पुरेपूर चांगली होती. चहा वेळेवर, औषधं वेळेवर, दर रविवारी व्हिडिओ कॉल. पण पूर्वी ती संध्याकाळी ओट्यावर चढून बसायची, पाय हलवत ऑफिसातल्या साहेबाच्या नकला करायची, आणि सासूबाई कणीक मळता मळता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. ती अश्लेषा त्या सकाळी आतल्या खोलीत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नव्हती. आता होतं ते फक्त, "आई, साखर कमी घातलीय." सरलाताईंना मुलगी नव्हती. आपल्याला एक मिळाली होती आणि आपण ती आपल्याच तोंडानं घालवली, हे त्यांना लख्ख कळत होतं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

मग माफी का मागितली नाही? मागायची होती. दर वर्षी विमानात बसलं की त्या मनातल्या मनात वाक्य जुळवायच्या. चांगी विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावरून बॅग यायची तोवर वाक्य बरोब्बर तयार असायचं, आणि समोर काचेपलीकडे हात हलवणारी सून दिसली की ते तिथंच राहायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या पेनानं दाखवणाऱ्या बाई त्या. स्वतःची चूक तोंडानं म्हणायची पाळी कधी आलीच नव्हती. शेवटी त्यांनी आपल्या धंद्यातला उपाय काढला. ऋताला या खेपेला असे झकास मार्क पडायला हवेत, की सगळ्यांसमोर म्हणता यावं, "बघ अश्लेषा, तुझं तेल कसं लागू पडलं ते!" म्हणजे वेगळं काही म्हणायलाच नको. सहाव्या वर्षीच्या खेपेला काय काय विचारलं होतं ते त्यांनी ऋताकडून फोनवर केव्हाच काढून घेतलं होतं. अभ्यासक्रम हातात होता, शिकवायचंच बाकी होतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका रविवारी सरलाताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घेऊन आतल्या खोलीकडे गेल्या. दार अर्धवट उघडं होतं. आत फरशीवर अश्लेषा आणि ऋता समोरासमोर बसलेल्या. मधे लाल-पांढरे ठोकळे. अश्लेषाच्या हातात मोबाईल, त्यावर सेकंद पळत होते. ऋता चित्रात बघून ठोकळे जुळवत होती.

"अजून पटकन," अश्लेषा म्हणत होती. "ऋता, या वेळी सगळं बरोबर आलं पाहिजे हं. आणि आजीला यातलं काही सांगायचं नाही."

सरलाताई आल्या पावली मागे फिरल्या. घड्या हातातच. बाहेर येऊन त्या सोफ्यावर बसल्या तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पोरीचे मार्क कुणाला दाखवायचेत हे कळायला काही स्कॉलरशिपची परीक्षा द्यावी लागत नव्हती. एवढी वर्षं झाली तरी वाक्य तिच्या मनात तसंच्या तसं होतं. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की गंमत अशी आहे, की हिला जे हवंय तेच आपल्यालाही हवंय. दोघी एकाच पोरीला एकाच परीक्षेसाठी तयार करतोय, दोन खोल्यांत, एकमेकींना चोरून. उठून आत जावं आणि सांगावं, असं त्यांना वाटलं. वाटलं खरं, पण त्या उठल्या त्या घड्या कपाटात ठेवायला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा आकड्यांचे सात केले.

या सगळ्यात ऋताचं काय होत होतं, याची चौकशी कुणी केली नाही. दोघींनी तिला गुपित सांभाळायला दिलं होतं आणि ती दोन्ही सांभाळत होती. एरवी तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. शाळेत कुणी कुणाची पेन्सिल घेतली इथपासून सगळं घरी यायचं. हल्ली मात्र ती जेवताना गप्प असायची आणि करंगळीचं नख कुरतडायची. खेळायला खाली ये म्हणून मैत्रिणीनं हाक मारली तर म्हणायची, "कॅनॉट, आय गॉट थिंग्ज टू डू." सरलाताईंना याचं कौतुक वाटलं. पोरगी मन लावून करतेय, असा त्यांनी अर्थ काढला.

एकदा दगडी टेबलाशी तिनं विचारलं, "आजी, एक राँग झालं तर?"

"का होईल? नात कुणाची आहेस!"

ऋतानं पुन्हा नख तोंडात घातलं. आपण पोरीला धीर दिला, असं सरलाताईंना अगदी मनापासून वाटलं.

ठरलेल्या दिवशी वरुणला ऑफिसचं काहीतरी निघालं, म्हणून तिघीच निघाल्या. निघताना सरलाताईंनी ऋताच्या तळहातावर दही-साखर ठेवली. वरुण दारात बूट घालत होता. तो म्हणाला, "अगं आई, परीक्षा नाहीये ती!" ऋतानं हात चाटून स्वच्छ केला की नाही ते अश्लेषानं मात्र नीट पाहिलं. एलआरटीच्या छोट्या डब्यात आणि मग एमआरटीच्या मोठ्या मेट्रोत ऋता दोघींच्या मधे बसली होती. आजी खिडकीबाहेर बघत ओठ हलवत आकडे पुटपुटत होती, आई मांडीवर बोटांनी चौकोन काढत होती. ऋता एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.

संशोधनाच्या केंद्रात त्यांना घ्यायला आली ती अंजली मेश्राम. मूळची चंद्रपूरची, मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारी, इथे बरीच वर्षं असलेली. कागदावरचं नाव वाचून ती थेट मराठीतच बोलली, "या ऋताबाई, केवढ्या मोठ्या झाल्या तुम्ही!" ऋता हसली नाही. अंजलीनं तिला आतल्या खोलीत नेलं, दार लागलं, आणि सासू-सुना बाहेरच्या बाकावर मधे एक पर्स ठेवून बसल्या.

दुसऱ्या कुणाचं तरी बाळ कॉरिडॉरमधून रांगत गेलं, त्याच्यामागून त्याचा बाप गेला. मग आतून आवाज आला. आधी बारीक, मग मोठा. रडण्याचा. दोघी एकदमच उठल्या. तेवढ्यात अंजलीनंच दार उघडलं.

"जरा आत येता का दोघी?"

छोट्या टेबलाशी ऋता बसली होती. गाल ओले, नाक वाहतंय, आणि दोन्ही हातांनी तिनं अंजलीचा कागद धरून ठेवला होता.

"खोडा ना ते," ती म्हणत होती. "प्लीज. ओन्ली वन. ते खोडा."

"काय झालं?" अश्लेषानं तिला जवळ घेत विचारलं.

"काहीच झालं नाही हो," अंजली म्हणाली. "ठोकळे तर हिनं माझं सांगून व्हायच्या आतच जुळवले. आकडेही मोठ्या मुलांना जमणार नाहीत इतके सांगितले. मग एका ठिकाणी दोन आकडे मागेपुढे झाले, आणि ही रडायलाच लागली. चुकलं तर काही होत नाही, म्हणून समजावतेय मी, तर ऐकतच नाही."

"होतं!" ऋता ओरडली. हुंदक्यांनी तिचे शब्द तुटत होते. "राँग झालं तर आजी म्हणेल आईचं तेल वाईट होतं. मग आई रडेल. ती तिच्या आईला, माईआजीला, फोनवर सांगताना पण रडली होती, आय हर्ड. आजीनं मला आकडे शिकवले आणि सांगितलं आईला सांगू नको, आईनं ठोकळे शिकवले आणि सांगितलं आजीला सांगू नको. मी कोणालाच नाही सांगितलं. आय डिड एव्हरीथिंग. आणि तरी राँग झालं."

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. अश्लेषाचा चेहरा लालबुंद झाला होता. सरलाताई खिडकीकडे बघत होत्या आणि खिडकीला पडदा होता.

अंजलीनं कागद हळूच बाजूला घेतला. ती रागावली नव्हती, पण तिनं स्पष्ट सांगितलं. "तयारी करून घेतलेल्या दोन्ही चाचण्या मला आता मोजता येणार नाहीत. तशी नोंद करावी लागेल. आणि काकू, खरं सांगू का? एकट्या ऋताच्या मार्कांवरून तेल चांगलं की वाईट हे कळणारच नव्हतं. सगळ्या मुलांचं एकत्र बघितलं तर काही दिसेल, कदाचित दिसणारही नाही. शिवाय तुमच्या सुनेला माशाचं तेल मिळालं होतं की साधं, तेसुद्धा आम्हाला ठाऊक नाही अजून."

"साधं?" सरलाताई म्हणाल्या. "म्हणजे आपलं फोडणीचं?"

"तसंच काहीतरी."

"पण मला ढेकर यायचे," अश्लेषा म्हणाली. "माशाचे."

"सगळ्याच गोळ्यांना थोडा वास लावलेला होता. कुणाला ओळखता येऊ नये म्हणून."

सरलाताईंना आधी हसू आलं, आणि ते ओठांवर येईपर्यंत त्याचं दुसरंच काहीतरी झालं. एवढी वर्षं, एवढा अबोला, आणि गोळीत कदाचित फोडणीचं तेल. अश्लेषाही त्यांच्याकडेच बघत होती. किती दिवसांनी ती अशी सरळ त्यांच्याकडे बघत होती.

तेवढ्यात ऋतानं आईची ओढणी ओढली. तिचं रडणं थांबलं होतं आणि तिला आता खरंच काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

"आई, ते तेल तू मी चांगली व्हावी म्हणून घेतलंस ना?"

"हो बाळा."

"मग?" ऋतानं आईकडे बघितलं, मग आजीकडे. "झाले का मी चांगली?"

अश्लेषानं नुसतं पोरीला घट्ट धरलं.

सरलाताईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. हुशार आहेस, पहिली येशील, असली उत्तरं त्यांनी हजारो पोरांना दिली होती. पण ऋता ज्या नजरेनं बघत होती ती त्यांना सोसवेना. निकालाच्या दिवशी पोरं अशी बघतात. आठ वर्षांचं लेकरू आपण जन्मलो ते बरोबर की चूक असं आपल्याला विचारतंय, आणि विचारायला आपणच लावलंय, हे त्यांच्या काळजाला जाऊन भिडलं. गुडघे दुखत होते तरी त्या खाली फरशीवर बसल्या, म्हणजे ऋताचा चेहरा त्यांच्या समोर आला.

"इकडे बघ," त्या म्हणाल्या. "तू तीन वर्षांची होतीस ना, तेव्हा तुला एक शब्द बोलता येत नव्हता. एक नाही. तेव्हाही मला तू इतकी आवडायचीस, इतकी आवडायचीस, की मला झोप लागायची नाही. वाटायचं, माझ्या सोन्याला काही झालं तर नाही ना? त्या भीतीनं मी तुझ्या आईला नाही नाही ते बोलले. तेलात काही वाईट नव्हतं. वाईट माझं बोलणं होतं."

ऋतानं हे सगळं नीट ऐकून घेतलं. पण तिचा प्रश्न तसाच राहिला होता.

"सो, झाले का?"

"झालीस गं बाई," सरलाताई म्हणाल्या, आणि आता त्यांचाच चेहरा ओला झाला. "आकडे चुकलीस तरी झालीस. न बोलता होतीस तेव्हाही होतीसच की."

ऋतानं क्षणभर विचार केला. "ओके," ती म्हणाली, आणि आजीच्या पदरालाच नाक पुसलं.

अंजलीनं विचारलं, आज इथंच थांबायचं का, घरी जायचं का? पुढच्या चाचण्या नाही केल्या तरी चालतील. ऋतानं टेबलावरच्या यंत्राकडे बोट दाखवलं. "ते काय आहे?"

"त्यात फुंकायचं. तुझा दम किती आहे ते बघतात."

"हे कोणी शिकवलं नाही मला."

"शिकवायचं नसतंच ते."

"देन कॅन, मग करते," ऋता म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली.

दोघी पुन्हा बाहेरच्या बाकावर आल्या. पर्स या खेपेला अश्लेषानं मांडीवर घेतली, म्हणून मधे काही राहिलं नाही. मग अश्लेषाच म्हणाली, "आई, ते ठोकळे मी तुमच्यासाठी आणले होते. ऋताचे मार्क तुमच्या पुढ्यात नेऊन आपटायचे होते मला."

"ठाऊक आहे. दारातून पाहिलं मी."

"पाहिलंत? मग बोलला का नाहीत काही?"

"कशाला बोलू? मलाही तेच हवं होतं. तू आपटावेस, आणि मी म्हणावं, हरले बाई तुझ्यापुढे. म्हणून तर तिला खाली नेऊन आकडे घोकून घेत होते." सरलाताईंनी नाक ओढलं. "नुसतं तोंडानं म्हणायला जमत नव्हतं मला. फार वाईट खोड आहे ती."

अश्लेषा हसली. हसता हसता तिनं मान खाली घातली आणि पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. मग इतक्या हळू बोलली की सरलाताईंना कान तिच्याजवळ न्यावा लागला.

"तुमचं ते वाक्य मला एवढं का लागलं, माहितीय? तुम्ही म्हणायच्या आधी मी रोज तेच म्हणत होते. मनातल्या मनात. ती बोलत नव्हती ना, तेव्हा मला एकेक गोळी आठवायची. वाटायचं, काय करून बसले मी हे? चांगलं म्हणून घेतलं आणि माझ्या हातानंच तिचं वाटोळं केलं का? वरुणलाही कधी सांगितलं नाही. आणि तुम्ही त्या दिवशी ते मोठ्यानं बोललात. मला वाटलं, आईंनाही तसंच वाटतंय, म्हणजे खरंच असणार."

सरलाताई ऐकत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ते स्वयंपाकघर होतं. ओट्याशी उभी असलेली पोर किती घाबरलेली होती, हे त्यांना आज दिसलं. तिचं वय ते काय होतं! माहेर इतकं लांब, मूल बोलत नाही, आणि घरात मोठं म्हणावं असं माणूस एकच. ती मुलगी वाट बघत असेल, की कुणीतरी म्हणावं, अगं होईल सगळं नीट, मी आहे. त्याऐवजी तिला काय ऐकायला मिळालं? पाच वर्षं आपल्याला वाटत राहिलं की ही आपल्यावर रुसलीय. ती नुसती रुसली नव्हती. ती भीती एकटीनं घेऊन बसली होती, आणि ती खरी असल्याची ग्वाही आपण दिली होती.

"चुकलं माझं, अश्लेषा," त्या म्हणाल्या. विमानात जुळवलेल्या वाक्यांपैकी यात एकही शब्द नव्हता. "तुझ्या पाठीवर हात ठेवायचा सोडून मी हे काय बोलून बसले."

अश्लेषाचे खांदे हलायला लागले. सरलाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लहान मुलाला थोपटतात तसं थोपटायला सुरुवात केली. रांगणाऱ्या बाळाचा बाप परत आला, या दोघींना बघून जरा घुटमळला, आणि बाळाला उचलून दुसऱ्या बाजूनं निघून गेला.

दाराआडून फुंकण्याचा आवाज आला. मग अंजली म्हणाली, "अजून, अजून, थांबू नकोस." अश्लेषा रडतच सासूच्या खांद्यावर रेलली. सरलाताईंना गुडघ्यात कळ येत होती, पण त्या हलल्या नाहीत. ऋता बाहेर येईपर्यंत त्या तशाच थोपटत राहिल्या.